टेलिफोनवाल्या बेलने मेटल डिटेक्टर बनवला, मग गोळी का सापडली नाही?

प्ले स्टोअरवर मेटल डिटेक्टर असं टाकून बघा, ढीगभर फुकट ॲप समोर येतील. आमच्या कळंबला, म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातल्या चिंतामणीच्या कळंबला, मला या ॲपबद्दल एकच प्रश्न हमखास विचारला जातो. याने जमिनीतलं सोनं सापडतं का? मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि जुने-नवे मेटल डिटेक्टर जमवायचा मला नाद आहे, म्हणून लोक मलाच धरतात.

उत्तर सरळ आहे, नाही सापडत. पण का सापडत नाही, हे नीट समजायचं असेल तर अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलची गोष्ट माहीत पाहिजे. हो, तोच टेलिफोनवाला बेल. शाळेत आपल्याला त्याचं एकच यंत्र शिकवतात. पण १८८१ च्या उन्हाळ्यात त्याने एका माणसाच्या अंगात रुतलेली बंदुकीची गोळी शोधायला यंत्र बनवलं होतं, आणि तो माणूस अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष होता.

ऐकू न येणाऱ्या आईचा मुलगा

बेलचा जन्म ३ मार्च १८४७ चा, स्कॉटलंडमधल्या एडिनबरो शहरातला. वडील शुद्ध उच्चार शिकवायचे. तोंडातून आवाज कसा निघतो हे कागदावर दाखवणारी एक खास लिपीच त्यांनी तयार केली होती. आईला मात्र फार कमी ऐकू यायचं. पोरगा आईच्या कपाळाजवळ तोंड नेऊन हळू, खोल आवाजात बोलायचा, म्हणजे तिला थरथर जाणवायची. आवाज म्हणजे कंपन, हे त्याला पुस्तकाआधी घरातच समजलं.

डोकं लहानपणापासून यंत्रात. १२ वर्षांचा असताना मित्राच्या घरच्या गिरणीसाठी त्याने गव्हाचा कोंडा काढायचं यंत्र जोडून दिलं. पुढे भावासोबत बोलणारं कृत्रिम डोकं बनवलं.

पण घरात क्षयरोग शिरला. १८६७ मध्ये धाकटा भाऊ गेला, १८७० मध्ये मोठा. उरलेला एकुलता मुलगा तरी वाचावा म्हणून आईवडील त्याच वर्षी देश सोडून कॅनडाला गेले. पुढच्या वर्षी बेल बोस्टनला आला आणि बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवू लागला. तिथेच त्याची विद्यार्थिनी होती मेबल हबर्ड. लाल पुरळाच्या तापाने लहानपणीच तिचं ऐकणं गेलेलं. १८७७ मध्ये दोघांचं लग्न झालं.

टेलिफोन आणि त्यानंतरची डोकेदुखी

दिवसा शिकवणं आणि रात्री तारांचे प्रयोग, असं चालायचं. १८७४ मध्ये त्याने चक्क मेलेल्या माणसाचा कान मिळवला आणि पडद्याचं कंपन काजळी लावलेल्या काचेवर उमटवून बघितलं. एवढासा पडदा हाडं हलवतो, मग मोठा पडदा लोखंड का नाही हलवणार? टेलिफोनची कल्पना इथून पक्की होत गेली. हाताखाली थॉमस वॉटसन नावाचा कुशल कारागीर होता. ७ मार्च १८७६ ला पेटंट मिळालं आणि तीन दिवसांनी तारेवरून पहिल्यांदा स्पष्ट बोलणं ऐकू आलं.

मग सुरू झाले खटले. बेलने अर्ज दिला त्याच दिवशी एलिशा ग्रेनेही पेटंट ऑफिसात कागद दिले होते, त्यावरून आजही वाद होतो. शेकडो दावे लढवले गेले आणि बेलचं पेटंट टिकलं. पण त्याला धंद्यात रस नव्हता. १८८० मध्ये फ्रान्सचं व्होल्टा पारितोषिक मिळालं, ५०,००० फ्रँक. त्या पैशातून त्याने वॉशिंग्टनमध्ये प्रयोगशाळा काढली. त्याच वर्षी चार्ल्स सम्नर टेंटरसोबत उजेडाच्या किरणावरून आवाज पाठवून दाखवला. तुमच्या घरी फायबरचं इंटरनेट आलं असेल, तर तेही उजेडावरूनच येतं.

२ जुलै १८८१

त्या दिवशी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर चार्ल्स गिटो नावाच्या माणसाने राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर दोन गोळ्या झाडल्या. एक दंडाला घासून गेली. दुसरी पाठीत उजव्या बाजूने आत शिरली आणि कुठे थांबली ते कळेना. एक्स-रे यायला अजून १४ वर्षं होती. मग डॉक्टर काय करायचे? जखमेत बोट घालून, सळई घालून चाचपायचे, तेही हात नीट न धुता. जंतुनाशक वापरायची पद्धत युरोपात रुळत होती, पण अमेरिकेतल्या बऱ्याच डॉक्टरांना ती पटलेली नव्हती.

बेलने बातमी ऐकली आणि त्याला आपलीच एक अडचण आठवली. टेलिफोनच्या तारेत शेजारच्या तारांमुळे खरखर यायची. ती घालवायला त्याने दोन कॉइल एकमेकांचा परिणाम मारतील अशा ठेवून बघितल्या होत्या. अशी शांत केलेली जोडी धातूजवळ नेली की पुन्हा आवाज करते. इंग्लंडमध्ये डेव्हिड ह्यूजने १८७९ मध्ये याच तत्त्वावर इंडक्शन बॅलन्स नावाचं उपकरण दाखवलं होतं.

आता हे चालतं कसं ते दोन मिनिटांत बघू. एका कॉइलमधून सतत तुटक वीज सोडायची. तिच्याभोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. दुसरी कॉइल तिच्यावर अर्धवट सरकवून अशी ठेवायची, की एका भागात तयार होणारी वीज दुसऱ्या भागातली वीज मारून टाकेल. दुसऱ्या कॉइलला टेलिफोनचा रिसीव्हर जोडून कानाला लावला तर शांतता. जवळ शिसं, तांबं, सोनं, काहीही धातू आला की त्याच्यात वीज फिरते, तिचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं, तोल बिघडतो आणि रिसीव्हर गुणगुणतो. म्हणजे बेलने आपलाच टेलिफोन मेटल डिटेक्टरचा कान म्हणून वापरला.

बेल आणि टेंटर रात्रंदिवस खपले. मांसाच्या तुकड्यात गोळी लपवून चाचणी घेतली. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या जुन्या सैनिकांच्या अंगात अजून गोळ्या होत्या, त्यांच्यावर यंत्र फिरवलं. तिथे ते चाललं.

व्हाइट हाऊसमध्ये दोनदा

२६ जुलैला पहिली चाचणी झाली. रिसीव्हरमध्ये नुसती चिरचिर येत राहिली. नंतर कळलं की घाईत कंडेन्सर चुकीचा जोडला गेला होता. १ ऑगस्टला दुसरी चाचणी झाली. या वेळी जोडणी बरोबर होती, पण एका जागी ठळक आवाज यायच्या ऐवजी पसरट, मंद आवाज बऱ्याच भागावर येत राहिला.

बेलला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी त्याने चौकशी केली. राष्ट्राध्यक्षांच्या पलंगावर घोड्याच्या केसांची गादी होती आणि तिच्याखाली पोलादी तारांची आणखी एक गादी होती! तारांची गादी तेव्हा नवीन होती, कुणाच्या लक्षातच आली नाही.

त्या गादीने नक्की किती घोळ केला याबद्दल आजही मतं वेगवेगळी आहेत. मला मात्र दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. मुख्य डॉक्टर विलर्ड ब्लिस यांची खात्री होती की गोळी उजव्या बाजूला आहे. म्हणून शोधही उजव्या बाजूलाच झाला. यंत्र कुठे फिरवायचं हे यंत्र बनवणाऱ्याने ठरवलंच नाही.

गारफील्ड १९ सप्टेंबर १८८१ ला गेले. शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूला, स्वादुपिंडाच्या मागे सापडली. ती इतकी खोल होती की डावीकडे शोधूनही त्या यंत्राला सापडली असती का, हे सांगणं कठीण आहे. आणि आजच्या बहुतेक अभ्यासकांच्या मते त्यांचा जीव गोळीपेक्षा जखमेतल्या जंतूंनी घेतला.

याच धावपळीत बेलच्या घरी मोठं दुःख आलं. १५ ऑगस्टला मेबलला दिवस पूर्ण व्हायच्या आधीच मुलगा झाला. त्याला श्वास घेता येईना. काही तासांत बाळ गेलं. त्यानंतर बेलने छातीभोवती बसणारं धातूचं एक कवच बनवलं. त्यातली हवा कमी-जास्त करून छाती फुगवायची आणि दाबायची. पुढे आलेल्या आयर्न लंगच्या आधीची ही एक पायरी. राष्ट्राध्यक्ष गेले, पोटचा पोर गेला, तरी हा माणूस पुढचं यंत्र बनवत बसला होता.

गोळी शोधायचं यंत्रही त्याने सोडलं नाही. नंतर सुई टोचून टेलिफोनवर आवाज ऐकायची सुधारलेली पद्धत आली आणि एक्स-रे रुळेपर्यंत ती शस्त्रक्रियेत वापरली गेली.

आणि आपल्याकडे? २८ जानेवारी १८८२ ला मुंबई, कलकत्ता आणि मद्रासमध्ये टेलिफोन एक्सचेंज सुरू झाली. गारफील्ड जाऊन तेव्हा साडेचार महिनेही झाले नव्हते.

माझ्या कपाटातली यंत्रं

बेलनंतर हे तंत्र शरीरातून जमिनीत गेलं. अमेरिकेत स्थायिक झालेल्या गेरहार्ड फिशर या जर्मन इंजिनिअरला विमानांची दिशा शोधताना जमिनीतल्या धातूमुळे चूक येते असं दिसलं, त्यातून १९३७ मध्ये डिटेक्टरचं पेटंट निघालं. पोलंडच्या योझेफ कोसात्स्कीने दुसऱ्या महायुद्धात सुरुंग शोधायचं यंत्र बनवलं, ते १९४२ मध्ये एल अलामेनला वापरलं गेलं. गडचिरोलीत भूसुरुंग शोधणाऱ्या जवानांच्या हातातली यंत्रं याच घराण्यातली.

माझ्याकडे सध्या तीन आहेत. पहिलं कॉलेजात बनवलेलं, दोन ऑसिलेटरच्या फरकावर चालणारं. ऊन लागलं की सूर बदलतो, दर पाच मिनिटांनी पुन्हा जुळवावं लागतं. दुसरी भंगारातून आणलेली सुरक्षारक्षकाची काठी. खिशातली किल्ली पटकन पकडते, पण जमिनीत काहीच नाही. तिसरं नवीन, दोन एकमेकांवर सरकवलेल्या कॉइलचं. त्याची कॉइल बघितली की बेलची जोडी आठवते. यावर शेतात हरवलेला ट्रॅक्टरचा बोल्ट वीतभर खोलवर सापडला आहे.

तिन्हींची खरी परीक्षा आपल्या काळ्या मातीत होते. ही माती बेसाल्ट खडकापासून बनलेली, तिच्यात चुंबकीय लोहखनिजाचे कण असतात. कॉइल जमिनीजवळ नेली की मातीच आवाज करते. नव्या यंत्रात ग्राउंड बॅलन्स असतो, तो आधी मातीचा आवाज मोजतो आणि वजा करतो. आपली काळी माती म्हणजे बेलची तारांची गादीच समजा. खाली काय पसरलंय हे माहीत नसेल, तर वरच्या आवाजाला अर्थ नाही.

मग मोबाइलचं ॲप काय करतं?

मोबाइलमध्ये कॉइलची अशी जोडी नसते. त्यात मॅग्नेटोमीटर असतो, नकाशात दिशा दाखवणारा. तो आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र फक्त मोजतो. आपल्या भागात पृथ्वीचं क्षेत्र ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास असतं. लोखंड किंवा चुंबक जवळ आला की आकडा हलतो, ॲप वाजतं. सोनं, चांदी, तांबं, पितळ यांनी तो हलत नाही. अडकित्ता जवळ धरून बघा, आकडा उडेल. तांब्याचा गडू धरा, ढिम्म.

गारफील्ड यांच्या अंगातली गोळी शिशाची होती. म्हणजे आजचा फोन तिथे नेला असता तर तो गादीच्या तारांवर वाजला असता आणि गोळीवर गप्प बसला असता.

ॲप निरुपयोगी नाही. भिंतीतला खिळा, प्लास्टरमागची लोखंडी सळई यासाठी वापरा. आधी चुंबकवालं कव्हर काढा आणि फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवून सेन्सर जुळवून घ्या. पण गुप्तधन काढून देतो म्हणत कुणी असं ॲप वाजवून पैसे मागत असेल, तर सरळ बाहेरचा रस्ता दाखवा. आणि खरंच जमिनीत पुरलेला ऐवज सापडला, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे १० रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. संरक्षित स्मारकांच्या जागी तर खणूच नका.

शेवटची वर्षं

बेलने पुढे विमानं, पाण्यावर उचलून धावणाऱ्या बोटी असं बरंच केलं. हेलन केलरला शिक्षिका मिळवून देण्यात त्याचा हात होता आणि तिने आपलं आत्मचरित्र त्याला अर्पण केलं. पण बहिऱ्या मुलांनी हातवाऱ्यांची भाषा सोडून ओठांनीच बोलावं, हा त्याचा हट्ट बहिऱ्या लोकांच्या पिढ्यांना नडला, म्हणून त्यांच्यातले अनेक जण आजही त्याच्यावर नाराज आहेत. मला त्यातही तोच प्रश्न दिसतो. व्हाइट हाऊसमध्ये कुठे शोधायचं हे डॉक्टरांनी ठरवलं होतं, इथे ते बेलने ठरवलं, आणि ज्यांच्यासाठी सगळं चाललं होतं त्यांना दोन्ही वेळा कुणी विचारलं नाही.

२ ऑगस्ट १९२२ ला कॅनडात नोव्हा स्कोशिया इथे तो गेला. दोन दिवसांनी अंत्यविधीच्या वेळी उत्तर अमेरिकेतले टेलिफोन एक मिनिट बंद ठेवले गेले. व्हाइट हाऊसमधल्या त्या दोन चाचण्यांत जी शांतता त्याला एकदाही ऐकायला मिळाली नाही, ती त्या दिवशी लाखो रिसीव्हरमध्ये होती.