निर्मलच्या स्वारीत निजामासोबत गेलेली नर्तकी : हैदराबादच्या माह लका बाई

हैदराबाद : मॉडर्न डान्सचा विषय निघाला की नावं ठरलेली असतात. अमेरिकेच्या लोई फुलर, इसाडोरा डंकन, रूथ सेंट डेनिस. आपल्याकडं उदय शंकर आणि खंडाळ्याला नृत्यशाळा काढणाऱ्या मॅडम मेनका. या मंडळींमुळं नाचणाऱ्या माणसाला कलाकार म्हणून स्वतःचं नाव मिळालं, असं सांगितलं जातं. ते खरंही आहे. पण त्यांच्या शंभरेक वर्षं आधी आपल्या शेजारच्या हैदराबादेत एका बाईनं असं नाव कमावलं होतं. त्या म्हणजे माह लका बाई चंदा.

त्यांच्या घराण्याची गोष्ट गुजरातेतून सुरू होते. आजी चंदा बीबी अहमदाबादच्या. नवरा परागंदा झाला आणि पदरी लेकरं राहिली. नाच-गाणं करत फिरणाऱ्या भगतियांनी या मायलेकींना आसरा दिला आणि मुली ती कला शिकल्या. पुढं हे बिऱ्हाड बऱ्हाणपूरवरून औरंगाबादेत आलं. तेव्हा निजामाची राजधानी औरंगाबाद होती. १७६३ मध्ये राजधानी हैदराबादला गेली, तसे दरबारी, शिपाई, कलावंत सगळेच तिकडं सरकले. राज कुंवर बाईंचं कुटुंबही त्यात होतं. म्हणजे हैदराबादच्या या नर्तकीच्या घराची वाट मराठवाड्यातूनच गेलेली आहे.

राज कुंवर बाईंच्या पोटी ७ एप्रिल १७६८ रोजी चंदा जन्मल्या. मोठी बहीण महताब कुंवर निजामाचे दिवाण रुक्नुद्दौला यांच्या घरात होती. तिला मूल नव्हतं, म्हणून चंदांना तिनंच वाढवलं. त्यामुळं दिवाणाच्या वाड्यातली पुस्तकं, घोडे आणि हत्यारं लहानपणापासून हाताशी आली. संगीताची तालीम तानसेनाच्या परंपरेतल्या खुशहाल खान यांच्याकडं झाली. ख्याल, टप्पा, ठुमरी या गायकीत आणि नृत्यात त्या तयार झाल्या.

दुसरा निजाम अली खान यांच्या दरबारात त्यांचं वजन नाचापुरतं राहिलं नाही. निजामाच्या स्वाऱ्यांमध्ये त्या पुरुषी वेशात सोबत जात. धनुष्यबाण आणि भाला दोन्ही चालवत. १७८३ ची निर्मलची स्वारी आणि १७८९ ची पानगलची स्वारी त्यात येते. आपल्या किनवट, भोकर, धर्माबादच्या लोकांना निर्मल काही लांब नाही. त्या वाटेवरून अडीचशे वर्षांपूर्वी ही बाई घोड्यावरून गेली असेल, हे मात्र फार जणांना माहीत नसतं.

निजामानं त्यांना माह लका, म्हणजे चंद्रमुखी, हा किताब दिला. उमरावांच्या बरोबरीचा मान दिला, जहागिरी दिल्या. कॉमर्सच्या भाषेत सांगायचं तर कमाई आणि मालमत्ता दोन्ही त्यांच्याच नावावर होती. ज्या अडिकमेट भागात पुढं उस्मानिया विद्यापीठ उभं राहिलं, ती त्यांची जहागीर. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांतले आजोबा उस्मानियात शिकले. ती जमीन एका नर्तकीची होती, हे त्यातल्या किती जणांना ठाऊक असेल?

मार्च १७९५ मध्ये खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. दिवाण अरस्तू जाह यांना तहाप्रमाणं मराठ्यांच्या ताब्यात पुण्याला जाऊन राहावं लागलं. हे दिवाण बाईंचे मोठे आश्रयदाते. आश्रयदाता गेला की कलावंताचं काय होतं, हे वेगळं सांगायला नको. पण बाईंचं स्थान हललं नाही. तीनच वर्षांनी, १७९८ मध्ये, त्यांच्या उर्दू गझलांचा दिवान तयार झाला. उर्दूत स्वतःचा दिवान असलेल्या अगदी पहिल्या स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते. १७९९ मध्ये त्याची हस्तलिखित प्रत त्यांनी कॅप्टन जॉन माल्कम यांना भेट दिली. ती आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

मिळालेला पैसा त्यांनी कुठं घातला, तेही बघण्यासारखं आहे. स्वतःचं ग्रंथालय उभं केलं. दख्खनचा इतिहास सांगणारा माहनामा हा ग्रंथ लिहवून घेतला. तीनशेहून अधिक मुलींना नाच-गाण्याची तालीम दिली, अशी नोंद मिळते. १७९२ मध्ये मौला अलीच्या डोंगराच्या पायथ्याशी आईची कबर बांधली. १८२४ मध्ये त्या वारल्या आणि आईशेजारीच त्यांना दफन केलं. आपली मालमत्ता त्यांनी निराधार बायकांसाठी ठेवली, असं सांगितलं जातं.

पुढं काळ बदलला. इंग्रजी अमलात नाचणाऱ्या बाईकडं बघायची नजरच फिरली. १८९० च्या सुमारास मद्रासकडं नाचाविरुद्ध मोहीम सुरू झाली. तवायफ हा शब्द शिवीसारखा झाला. नंतर तोच नाच शाळेत, सभागृहात आला, चांगल्या घरच्या मुली शिकू लागल्या, तिकीट लावून कार्यक्रम होऊ लागले. नाचाला मान मिळाला ही चांगलीच गोष्ट झाली. पण ज्या बायकांनी तो सांभाळला होता, त्यांची नावं मधल्या मध्ये गळाली. गुरूंच्या यादीत त्या नाहीत आणि जनकांच्या यादीतही नाहीत.

माह लका बाईंच्या कबरीचंही तेच झालं होतं. झाडोरा वाढला, भिंती ढासळल्या. २०१०-११ च्या सुमारास अमेरिकी सरकारच्या मदतीनं तिची दुरुस्ती झाली. आपली वास्तू, पैसा बाहेरचा. तेवढ्यासाठीही दोनशे वर्षं जावी लागली.

आपल्या भागातून दवाखाना, कोर्ट, लग्नाची खरेदी अशा कामांसाठी हैदराबादला जाणं चालूच असतं. मलकाजगिरी स्टेशनपासून मौला अली जवळच आहे. चारमिनार, सालारजंग बघून झालं असेल, तर पुढच्या खेपेला तासभर काढून इकडं जावं. घरात नाच शिकणारी मुलगी असेल तर तिला सोबत न्यावं आणि ही कबर कुणाची, ते नाव घेऊन सांगावं.