आश्रयदात्यांस धीर देणारा पाळक

निराश्रितास दार उघडणारा मनुष्य थोर खराच. परंतु त्याचाही धीर खचतो, त्यासही चिंतेने झोप येत नाही. त्याच्या मनास आधार कोणी द्यावा? फ्रान्स देशातील पाळक आंद्रे त्रोक्मे यांचे चरित्र या प्रश्नाचे उत्तर देते.

त्यांचा जन्म सन १९०१ मध्ये झाला. पहिल्या महायुद्धात त्यांच्या कुटुंबास घरदार सोडून बेल्जममध्ये जावे लागले. त्यामुळे परागंदा होण्याचे दुःख त्यांस कोवळ्या वयातच कळले. सन १९३४ मध्ये ते पत्नी मागदा व मुलांसह ल शाँबों या डोंगराळ खेड्यातील मंडळीचे पाळक झाले. तेथील शेतकऱ्यांच्या पूर्वजांनी प्रॉटेस्टंट मतासाठी छळ सोसला होता, व ती आठवण घरोघर जिवंत होती.

सन १९४० मध्ये जर्मनीने फ्रान्सचा पाडाव केला. पुढे यहूदी लोकांवर संकट ओढवले, आणि निराश्रित माणसे व मुले या खेड्यात येऊ लागली. गावकऱ्यांनी त्यांस घरांत, शेतांवर व वसतिगृहांत ठेविले. काम गुप्त असल्यामुळे शेजाऱ्याजवळही मन मोकळे करण्याची सोय नव्हती. ज्याची भीती त्यानेच वाहावी, अशी स्थिती होती. तेव्हा त्रोक्मे मंडळीतील सुमारे तेरा पुढाऱ्यांस दर पंधरवड्यास जमवीत व शास्त्रातील एका उताऱ्यावर त्यांच्याशी विचार करीत. मग तोच उतारा प्रत्येकजण आपल्या वस्तीतील लहान गटाकडे नेई. अशा रीतीने धीराचा शब्द वस्तीवस्तीस पोहोंचे.

ऑगस्ट १९४२ मध्ये अधिकाऱ्यांनी यहूद्यांची यादी मागितली. त्रोक्मे यांनी ती दिली नाही. फेब्रुवारी १९४३ मध्ये त्यांस, सहपाळक एदुआर तेस व शाळामास्तर रोजे दार्सिसाक यांजबरोबर, धरून छावणीत नेले. त्या संध्याकाळी गावकरी मेणबत्ती, डब्यातील मासे अशा जिनसा घेऊन पाळकाच्या घरी आले. ज्यांस त्यांनी धीर दिला होता, तेच आता त्यांस धीर देत होते. सुमारे महिन्याने त्यांची सुटका झाली. परंतु पुढे लपून राहावे लागले. त्यांचे आप्त दानिएल आपल्या विद्यार्थ्यांस सोडीनात, म्हणून त्यांच्यासह धरले गेले, व सन १९४४ मध्ये माय्दानेक छावणीत मरण पावले. त्याच वर्षी त्रोक्मे यांचा पुत्र जाँ-पिएर अपघाताने दगावला. इतरांची दुःखे वाहणाऱ्याच्या घरीही दुःख असेच आले.

ते सन १९७१ मध्ये जिनीव्हा येथे वारले. सन १९९० मध्ये इस्राएल देशातील याद वाशेम संस्थेने या गावाचा व आसपासच्या वस्त्यांचा गौरव केला.

बंधुभगिनींनो, आपल्यामध्येही कोणी परक्यांचे ओझे वाहत असतो. त्याच्या कामाची विचारपूस आपण पुष्कळ करितो. एखाद्या संध्याकाळी त्याच्या दारी जाऊन त्याच्या मनाचीही करावी.