सेकंदामागे लागलेला सुतार

मायक्रोकंट्रोलरचा टायमर सेट करताना आपण टूलमध्ये क्लॉक ७२ मेगाहर्ट्झ, प्रिस्केलर ७१९९ आणि पिरियड ९९९९ टाकतो, की झाला एक सेकंद! (मोजणी शून्यापासून, म्हणून दोन्ही आकडे एकाने कमी.) पण क्रिस्टल तापला की हा सेकंदही किंचित सरकतो. याच दुखण्याशी जॉन हॅरिसन जन्मभर झुंजला.

हा १६९३ साली यॉर्कशायरमध्ये जन्मलेला सुताराचा पोरगा. भर समुद्रात रेखांश काढायचा तर बंदरातली वेळ जहाजावर अचूक हवी. ४ मिनिटं चुकली की १ अंश चुकलाच. अर्ध्या अंशापर्यंत अचूक रीत सांगणाऱ्याला ब्रिटिश संसदेनं १७१४ मध्ये २०,००० पौंड जाहीर केले. हॅरिसननं पितळ आणि पोलाद जोडून पट्टी बनवली. तापमान बदललं की ती वाकायची आणि स्प्रिंगला सावरून घ्यायची. आजचं टेम्परेचर कॉम्पेन्सेशन म्हणतात ते हेच! त्या तिसऱ्या घड्याळात तब्बल १९ वर्षं गेली. चौथं मात्र जेमतेम १३ सेंटिमीटरचं. १७६२ मध्ये ते जमैकाला पोचलं तेव्हा, रोजचा ठरावीक फरक धरून, ८१ दिवसांत फक्त ५ सेकंद मागे होतं.

पण बोर्डाला हा योगायोग वाटला. पुन्हा चाचणी, पुन्हा अटी. शेवटी १७७३ मध्ये संसदेनंच ८,७५० पौंड दिले. म्हातारा तेव्हा ऐंशीचा होता. तीन वर्षांनी गेला.