मनगटावरचे घड्याळ आणि मुरबाडचे नाना

ठाण्यात, डोंबिवलीत, कल्याणात घराघरांतून हल्ली एक प्रश्न हमखास विचारला जातो. कॉलेजात जाणारी मुलगी बाबांच्या मनगटाकडे बघते आणि म्हणते, खिशात मोबाईल असताना हे कशाला बांधायचे? मोबाईलवर वेळ दिसते, तीही मिनिटाचा फरक न पडणारी. घड्याळाला सेल लागतो, पट्टा तुटतो, पावसाळ्यात काचेच्या आत वाफ धरते. प्रश्न रास्त आहे. दहावी पास झाल्यावर एचएमटीचे घड्याळ मिळणे हा ज्यांच्या आयुष्यातला सोहळा होता, त्या पिढीच्या मनाला तो जरा लागतो, इतकेच. मात्र याचे उत्तर घड्याळाच्या दुकानात सापडायचे नाही. आपल्या या पट्ट्यात मिनिट नावाची चीज मुळात आली कोठून, इथपर्यंत मागे जावे लागते. आणि तिथे गाठ पडते ती मुरबाडच्या एका माणसाशी.

जगन्नाथ शंकरशेट, म्हणजे आपले नाना, यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी मुरबाडला झाला. आडनाव मुरकुटे, पण ते फारसे कोणी वापरले नाही. ठाणे १७७४ पासून इंग्रजांकडे गेले होते, कल्याण-मुरबाडचा मुलूख मात्र अजून पेशव्यांचा होता. त्या मुलखात दिवस सूर्योदयापासून मोजला जाई. साठ घटकांची अहोरात्र, एक घटका आपल्या चोवीस मिनिटांची. तांब्याचे भोक पाडलेले घटिकापात्र पाण्यात सोडायचे, ते भरून बुडाले की घटका भरली. लग्नाचा मुहूर्त त्यावर साधत, पण शेतकऱ्याला किंवा वाण्याला त्याची रोज गरज पडत नसे. कल्याणच्या बंदरातून मुंबईला माल न्यायचा तर होड्या भरतीवर निघत; आणि भरती रोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. म्हणजे या गावचे वेळापत्रक चंद्राने लिहिलेले होते! गाडी चुकली असे म्हणण्याची वेळ तेव्हा कोणावर येत नव्हती. फार तर पुढच्या भरतीपर्यंत थांबायचे.

नाना मात्र मुंबईत वाढले. वडील शंकरशेट मोठे व्यापारी. आई लहानपणीच गेली आणि १८२२ साली वडीलही गेले. एकोणिसाव्या वर्षी प्रचंड मालमत्ता हाती आलेला तरुण काय करील याचे अनेक दाखले मुंबईने पाहिले होते. नानांनी पेढी सांभाळली आणि त्याहून जास्त लक्ष शाळांकडे दिले. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या काळात सुरू झालेल्या शिक्षणसंस्थेत ते तरुण वयातच शिरले, पुढे सरकारी शिक्षण मंडळावर वर्षानुवर्षे बसले. सतीच्या चालीवर बंदी आली तेव्हा तिच्या बाजूने उभे राहिले. मुलींची शाळा काढायची म्हटल्यावर स्वतःच्या जागेत ती भरवू दिली. हे १८४९ च्या सुमारासचे, म्हणजे मुलगी शिकली तर घर बुडेल असे शहाणीसुरती माणसे मानत तेव्हाचे. मॅट्रिकला संस्कृतात पहिला येणाऱ्याला मिळणारी त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत केवढी मानाची होती, ते जुन्या घरांतून अजून सांगतात.

याच मंडळावर एक वाद झाला, तो नानांचा स्वभाव सांगतो. अध्यक्ष अर्स्किन पेरी यांचा आग्रह असा, की वरचे शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे. नानांनी विरोध केला. बहुजनांपर्यंत विद्या जायची तर ती मराठीतून गेली पाहिजे, ही त्यांची बाजू. इंग्रजांशी रोजचा व्यवहार असलेल्या, त्यांच्या पंक्तीला बसणाऱ्या गृहस्थाने ती घ्यावी याचे अनेकांना नवल वाटले असेल. पण नानांचा हिशेब सरळ होता असे मला वाटते. परक्याचे यंत्र घ्यावे, त्याचे काम करून घ्यावे. आपले काय सोडायचे ते मात्र आपण ठरवावे.

यंत्र घ्यायला तर ते सर्वांच्या पुढे होते. १८४५ साली जमशेटजी जीजीभॉय यांच्यासह त्यांनी हिंदुस्थानात रेल्वे यावी म्हणून मंडळ उभारले. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी स्थापन झाली तेव्हा तिच्या पहिल्या संचालकांत हे दोघे हिंदी गृहस्थ होते. आणि १६ एप्रिल १८५३ ला, शनिवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास, बोरीबंदरहून चौदा डब्यांची गाडी ठाण्याला निघाली. पुढे साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने, आत चारशे पाहुणे, निघताना एकवीस तोफांची सलामी. चौतीस किलोमीटरचे अंतर तिने पाऊणएक तासाहून थोड्या जास्त वेळात, सत्तावन्न मिनिटांत कापले असे नोंदले आहे.

वाचकहो, या आकड्याकडे जरा थांबून पाहा. सत्तावन्न! मुंबई-ठाणे प्रवास घटकांत किंवा प्रहरांत सांगायचा सोडून कोणीतरी तो मिनिटांत सांगितला. ठाण्याच्या इतिहासातला हा क्षण आपण तोफा आणि इंजिनांसाठी लक्षात ठेवतो. मला तो या सत्तावन्नसाठी महत्त्वाचा वाटतो. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ ला, खाडीवर पूल घालून गाडी कल्याणला पोहोचली आणि भरतीची वाट पाहणाऱ्या बंदराला वेळापत्रक नावाचा कागद मिळाला. १८६३ साली बोरघाट आणि १८६५ साली थळघाट ओलांडून रूळ देशावर गेले. नानांनी हे सारे पाहिले. मधल्या काळात १८५७ च्या उठावात सरकारने त्यांच्यावर संशय घेतला, तो खोटा ठरला. त्याआधी १८५२ साली लोकांची गाऱ्हाणी विलायतेपर्यंत नेण्यासाठी बॉम्बे असोसिएशन उभी करण्यात ते पुढे होते. १८६२ साली मुंबईच्या कायदेमंडळावर नेमलेल्या पहिल्या हिंदी सभासदांत ते होते. ३१ जुलै १८६५ रोजी ते गेले.

रेल्वे आली म्हणजे घड्याळ आपोआप एक झाले, असे मात्र नाही. उलट गोंधळ माजला. मुंबईचा सूर्य वेगळा, मद्रासचा वेगळा. पुढे रेल्वेने मद्रासची वेळ धरली, ती मुंबईपेक्षा अर्धा तास पुढे. म्हणजे शहरातल्या घड्याळावर विसंबून स्टेशनावर गेलेला माणूस अर्धा तास उशिरा पोहोचायचा. १ जानेवारी १९०६ पासून सगळ्या देशासाठी प्रमाणवेळ आली, तेव्हा मुंबईकरांनी ती सहजी घेतली नाही. फिरोजशहा मेहतांसारखे पुढारी त्यासाठी भांडले. महापालिकेने आपली जुनी वेळ, प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटे मागची, थेट १९५५ पर्यंत चालवली. गाडी एका वेळेने आणि पालिका दुसऱ्या वेळेने, असा हा संसार पन्नास वर्षे चालला. आपली वेळ कोणी ठरवायची, यावर एक शहर अर्धे शतक अडून बसले होते, ही गोष्ट आज कोणाला खरीसुद्धा वाटणार नाही. आजही कल्याणमध्ये सूर्य डोक्यावर येतो तो सरासरीने साडेबाराच्याही नंतर सात मिनिटांनी. मनगटावरचे बारा हे आपले नव्हेतच, ते मिर्झापूरकडचे आहेत!

मनगटी घड्याळ या सगळ्यात फार उशिरा आले. साहेब लोकांत ते आधी बायकांचा दागिना होते, पुरुष साखळीचे घड्याळ खिशात ठेवीत. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांना दोन्ही हात मोकळे हवे होते, म्हणून घड्याळ खिशातून निघून मनगटावर आले. आपल्याकडे १९६१ साली बंगळूरला एचएमटीचा कारखाना निघाला आणि मध्यमवर्गाच्या हाताला परवडणारे देशी घड्याळ लागले. रोज सकाळी चावी देणे हा अंघोळीइतकाच ठरलेला कार्यक्रम. मग ऐंशीच्या दशकात टायटन आले, क्वार्ट्झ आले, चावी गेली. २०१६ साली एचएमटीच्या घड्याळांचा कारभार सरकारने गुंडाळला.

दोन्ही हात मोकळे हवेत, ही सैनिकाची गरज डोंबिवलीकराला वेगळी समजावून सांगायला नको. सकाळच्या जलद गाडीत एक हात वरच्या कडीला, दुसरा पोटाशी धरलेल्या बॅगेवर. खिशातला मोबाईल काढायचा तर शेजाऱ्याच्या बरगडीत कोपर घालावे लागते. कडी धरलेल्या हातावरचे घड्याळ मात्र बरोबर डोळ्यांसमोर येते. जणू ते तिथेच असावे म्हणून बनवले आहे. दारात उभे राहणाऱ्याची गत आणखी वाईट. कळवा-मुंब्र्याच्या बाजूला रुळांच्या कडेने दबा धरून, दारातल्या प्रवाशाच्या हातावर काठी मारून मोबाईल पाडणाऱ्या चोरांचे नावच मुळी फटका गँग पडले आहे. किती वाजले हे बघण्यासाठी दारात मोबाईल काढणे हा जिवावरचा खेळ आहे. घड्याळासाठी अजून कोणी काठी मारल्याचे ऐकिवात नाही.

आणि इथल्या गाड्यांना नावे नाहीत, मिनिटे आहेत. माणसे आपली गाडी आठ-सोळा, सात-बेचाळीस अशीच ओळखतात. डब्यातली मैत्री, भजनी मंडळ, पत्त्यांचा डाव, हळदीकुंकू, सगळे त्या मिनिटाभोवती जमलेले. नानांच्या गाडीने शिकवलेले मिनिट आपल्या अंगात इतके मुरले आहे.

आता मोबाईलची वेळ जास्त अचूक असते यात वाद नाही. साधे क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला काही सेकंद इकडेतिकडे होते. पण मोबाईल वेळ सांगून गप्प बसत नाही. वेळ बघायला तो काढावा तर सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टाकीचे भांडण चालू असते, मामेबहिणीने फोटो टाकलेले असतात, कोणाचा तरी वाढदिवस असतो. पाच मिनिटांनी मोबाईल खिशात जातो आणि किती वाजले ते पुन्हा पाहावे लागते. आपण वेळ विचारायला गेलो आणि वेळ देऊन आलो. मनगटावरचे घड्याळ विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते आणि बाजूला होते. जेवताना, आजारी माणसाजवळ बसलेले असताना, मुलाशी बोलताना मनगटाकडे ओझरते पाहिले तर चालून जाते. मोबाईल काढला की समोरचा बोलायचा थांबतो. स्मार्टवॉच घेणाऱ्यांनी तर मोबाईललाच मनगटावर आणून बसवले आहे. तो ज्याचा त्याचा प्रश्न, पण मग घड्याळ बांधले असे म्हणू नये.

नानांचे यंत्राशी असलेले नाते आठवते ते इथे. गाडी आणली, पण शाळेतली भाषा मराठीच हवी म्हणून साहेबाशी भांडले. एकेका यंत्राला त्याचे काम नेमून देणारा माणूस. घड्याळाला वेळेचे काम नेमून दिले आणि मोबाईलला बोलण्याचे, तर बाबांच्या मनगटावर काही वावगे दिसू नये.

नानांच्या मुरबाडला अजून रेल्वे गेलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. ज्याने ठाण्याला गाडी आणली त्याचे जन्मगाव कल्याणपासून जेमतेम तीस किलोमीटर. उल्हासनगरमार्गे तिथे लोहमार्ग नेण्याची योजना जाहीर झाली आहे, गाडी मात्र पोहोचायची आहे. तोवर मुरबाडकर कल्याणला उतरून एसटी पकडतात. स्टेशनातून बाहेर पडून डेपोकडे निघताना त्यांच्यातले बरेच जण अजून मनगटाकडे बघतात, आणि बस लागलेली असेल तर पावले उचलतात.