आधी पोट, मग पाटी

बँकेच्या नोकरीत शेतीकर्जाचे काम माझ्याकडे होते, त्या काळात ठाणे जिल्ह्यातल्या डहाणू भागात माझ्या बऱ्याच फेऱ्या झाल्या. सत्तरचे दशक संपत आले होते. बियाणे, बैलजोडी, विहीर यांसाठी कर्ज काढतात हे मला ठाऊक होते. तिथे एक नवा शब्द कानावर पडला : खावटी. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की नवे पीक हाती येईपर्यंत पोट भरण्यासाठी काढलेले कर्ज. जेवण्यासाठीही माणसाला कर्ज काढावे लागते, ही गोष्ट माझ्यासारख्या शहरी कारकुनी माणसाला बराच काळ पचली नव्हती.

अशाच एका फेरीत मी कोसबाडच्या टेकडीवर गेलो. सकाळची वेळ होती. अंगणात चार-पाच वर्षांची मुले पाण्याच्या बादलीभोवती जमली होती. एक बाई कुणाचे नाक पुसत होत्या, दुसऱ्या एका मुलीचे केस विंचरत होत्या. थोडा वेळ वाट पाहून मी विचारले, अभ्यास केव्हा सुरू होतो? त्या हसल्या आणि म्हणाल्या की अभ्यास केव्हाचाच सुरू झाला आहे. माझा प्रश्न किती अडाणी होता, हे कळायला मला पुढे बरीच वर्षे लागली. ही शाळा जिने उभारली त्या ताराबाई मोडक तेव्हा हयात नव्हत्या. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ ते काम नेटाने पुढे नेत होत्या.

ताराबाईंचा जन्म १८९२ सालचा. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे. घरात सुधारकी वातावरण होते. मुलीने शिकावे हा तिथे वादाचा विषय नव्हता. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी विवाह झाला, पण संसार टिकला नाही. १९२१ मध्ये त्या वेगळ्या झाल्या. त्या काळात अशा स्त्रीकडे समाज कोणत्या नजरेने पाहत असेल, ते सांगायला नको. ताराबाई मात्र माहेरी येऊन बसल्या नाहीत. राजकोटला स्त्री-शिक्षिकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या, आणि तिथून भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या.

गिजुभाईंनी १९२० मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले होते. माँटेसरीबाईंची पद्धत त्यांनी इथल्या मातीत रुजवायला घेतली होती. मूल हे लहान आकाराचे मोठे माणूस नव्हे, त्याला हालचाल हवी, हाताला काम हवे, भीती नको, हे ताराबाई तिथे शिकल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ‘शिक्षणपत्रिके’ची मराठी आवृत्ती ताराबाईंनी १९३३ मध्ये सुरू केली. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार उभे राहिले. मध्यमवर्गीय घरांतली नीटनेटकी मुले तिथे येऊ लागली. शिक्षिका तयार होऊ लागल्या. नाव झाले. एवढ्यावर थांबल्या असत्या तरी त्यांचे चरित्र पुरे झाले असते.

पण १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी दादर सोडून बोर्डी गाठले. समुद्रकाठचे हे गाव. त्याच्या पाठीमागे वारल्यांचे पाडे. त्याच साली जमीनदारांच्या वेठीविरुद्ध वारली उठले होते आणि गोदावरी परुळेकर त्या लढ्यात होत्या. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी माणसे आयुष्यभर राबत होती. अशा घरांतल्या मुलांसाठी शाळा काढायची, तर कोणती?

इथे ताराबाईंचा खरा कस लागला. दादरचे मूल पोटभर खाऊन, वेणीफणी करून शाळेत येत होते. त्याला उणीव होती ती मोकळ्या जागेची, धावण्याची, हाताने काही करून पाहण्याची. बोर्डीच्या पाड्यावरचे मूल दिवसभर रानात धावत होते, झाडावर चढत होते, खेकडे पकडत होते. त्याला व्यायाम शिकवायला जाणे हास्यास्पद ठरले असते. त्याच्या पोटात अन्न नव्हते, अंगावर खरूज होती, केसांत उवा होत्या. दोन्ही मुलांचे शिक्षण शरीरापासूनच सुरू होणार होते, फक्त टोके वेगळी होती.

म्हणून बोर्डीच्या बालवाडीत दिवसाची सुरुवात पाण्याने झाली. हातपाय धुणे, आंघोळ, नखे, केस, मग खाऊ, मग गाणी आणि खेळ. अक्षरांची घाई नव्हती. स्वच्छता हा शिक्षेचा विषय नव्हता. कुणी मळका आला म्हणून त्याला परत पाठवले जात नसे, तर जवळ घेऊन धुतले जाई. उच्चवर्णीय शिक्षिकांनी आदिवासी मुलांच्या अंगाला हात लावून त्यांना न्हाऊ घालणे, ही त्या काळी केवळ आरोग्याची बाब नव्हती. त्या हातांनी कोणताही धडा न वाचता पुष्कळ काही शिकवले असणार. माँटेसरीची महागडी साधने परवडणारी नव्हती. मग शंख-शिंपले, बिया, पाने, खडे, बांबू हीच साधने झाली.

तरीही मुले येईनात. कारण सरळ होते. कुणाच्या कडेवर धाकटे भावंड असे, कुणामागे गुरे. पाच-सात वर्षांचे मूल त्या घरातले कामाचे माणूस होते. इथे दुसरी कुणी असती तर आईबापांच्या अज्ञानाला बोल लावून मोकळी झाली असती. ताराबाईंनी शाळाच उचलली आणि पाड्यावर नेली. झोपडीपुढचे अंगण, झाडाची सावली. तिथेच भावंडासकट मुले गोळा व्हायची. ही अंगणातली बालवाडी. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षक कुरणात गेले, ती कुरणशाळा. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर आले. तिथे विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र नांदू लागली. बाळाला सांभाळायला कुणी आहे म्हटल्यावर त्याची थोरली बहीण शाळेत बसू शकली. हिशेबाच्या वह्यांत आयुष्य घालवलेल्या मला या मांडणीचे फार कौतुक वाटते. मूल शाळेत का येत नाही, याचा हा खरा ताळेबंद होता.

१९६२ मध्ये सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. पुढे दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि शाळापूर्व शिक्षण हे सारे एकाच केंद्रात द्यायचे ठरले. त्या केंद्राचे नाव अंगणवाडी. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. वारली पाड्यावरच्या अंगणाशी ज्या शब्दाचे नाते आहे, तो आज तमिळ आणि बंगाली आईच्याही तोंडी आहे. हे पाहायला ताराबाई नव्हत्या.

पण मनात एक खंत राहतेच. १९९२ मध्ये याच ठाणे जिल्ह्यातल्या जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली. त्याच वर्षी अनुताईही गेल्या. योजना होती, नाव होते, फलकही असतील. पाड्यापर्यंत चालत जाणारे पाय आणि मुलाला जवळ घेणारे हात मात्र सगळीकडे पोहोचले नव्हते. ताराबाईंच्या कामाचा सांगाडा सरकारने घेतला. त्यातला जीव कुणाला हुकूम काढून घेता येत नाही.

आणि आपल्या शहरी घरांचे काय? माझी नात साडेतीन वर्षांची असताना तिच्या दप्तरात दोन वह्या होत्या, तिच्या शाळेला मैदान नव्हते, आणि डब्यात काय असावे यापेक्षा तिला शंभरपर्यंत आकडे येतात की नाही याची आम्हाला काळजी होती. आम्हाला म्हणजे मलाही. एका संध्याकाळी मीच तिला पाटीपुढे बसवले होते आणि ती चुळबुळ करू लागताच रागावलो होतो. तेव्हा कोसबाडची ती सकाळ आठवली आणि मी विचारलेला तो प्रश्नही.

पाटी बाजूला ठेवून मी तिला खाली अंगणात नेले. अंगण म्हणजे आमच्या इमारतीतली मोटारी लावायची जागा. तेवढ्यातही ती पळाली, धडपडली, गुडघा खरचटून घेतला आणि घरी येऊन दोन पोळ्या जेवली. तिचा त्या दिवसाचा अभ्यास झाला, असे मी धरून चाललो.