विल्यम वेस्ट : पिता आणि वैद्य

इंग्लंडातील टनब्रिज गावी वैद्यकी करणारे विल्यम जेम्स वेस्ट यांचे चरित्र आम्ही ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहो. त्यांचा सुदृढ पुत्र चार महिन्यांचा असता, सलाम करावा तशी वारंवार मान झुकवू लागला. हसणे लोपले, वाढ खुंटली. सर्व उपाय हरले. तेव्हा १८४१ साली त्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकपत्रात पुत्राची हकीगत प्रसिद्ध करून सल्ला मागितला. पुत्र बरा झाला नाही; परंतु त्या अपस्मारास आज वेस्ट यांचेच नाव आहे. १९५८ पासून त्यावर संप्रेरकाचा उपचार होतो. मात्र विलंब झाल्यास मेंदूची वाढ खुंटण्याचा धोका असतो. यास्तव असे झटके दिसताच, दृष्ट काढीत न बसता, बालकास मिहान येथील आयुर्विज्ञान संस्थेसारख्या रुग्णालयात न्यावे, ही आमची विनंती.