श्रीरामपूरचे केरीसाहेब

गेल्या वैशाखांत एका खेड्यांतील उपदेशक मला भेटावयास आले. पांच वर्षें त्यांनीं त्या गांवीं काढलीं होतीं. मुलांस शिकविलें, आजाऱ्यांची विचारपूस केली, दर रविवारीं भक्ति चालविली. पण नवें असें एकही घर मंडळींत आलें नव्हतें. आतां हें काम सोडून कोठें तरी नोकरी पाहावी, असें त्यांच्या मनानें घेतलें होतें. मीं त्यांस राहा असें म्हटलें नाहीं, आणि जा असेंही म्हटलें नाहीं. विल्यम केरी यांची हकीकत मात्र सांगितली. तीच येथें लिहितों.

केरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजीं इंग्लंडांतील पॉलर्सपरी नांवाच्या खेड्यांत एका विणकराच्या घरीं झाला. तरुणपणीं ते जोडे शिवण्याचें काम शिकले. आपल्या देशांत जो धंदा करणारांस वेशीबाहेर बसवीत, तोच त्यांच्या पोटाचा धंदा होता, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें ते नांवारूपास आल्यावर एका मेजवानींत कोणा अधिकाऱ्यानें, हे पूर्वीं जोडे करीत असत ना, असें त्यांच्या कानीं पडेल अशा बेतानें विचारलें. तेव्हां केरी यांनीं आपण होऊन सांगितलें कीं, नवे जोडे करण्याइतका कसबी मी नव्हतों, जुने फाटके तेवढे शिवीत असें. असें त्यांचें चरित्र लिहिणारे सांगतात.

हातांत आरी असतां त्यांच्यापुढें पुस्तक उघडें असे. ग्रीक, हिब्रू, लॅटिन या भाषा त्यांनीं अशाच संपादन केल्या. भिंतीवर पृथ्वीचा एक मोठा नकाशा स्वतः काढून लाविला होता, आणि कोणत्या देशांत किती लोक व त्यांचा धर्म कोणता, हें त्यावर लिहून ठेविलें होतें. परदेशीं सुवार्ता सांगणें हें ख्रिस्ती मंडळीचें कर्तव्य आहे, असें प्रतिपादन करणारें लहानसें पुस्तक त्यांनीं १७९२ सालीं छापिलें. त्याच वर्षीं २ ऑक्टोबरला केटरिंग गांवीं एका विधवा बाईच्या घरांत कांहीं पाळक जमले व त्यांनीं मिशनरी सोसायटी स्थापन केली. त्या रात्रीं जमलेली वर्गणी अवघी १३ पौंड आणि कांहीं शिलिंग होती. पुढच्याच जूनमध्यें केरी सहकुटुंब जहाजावर चढले व पांच महिन्यांनीं कलकत्त्यास उतरले.

येथून पुढचा भाग सांगतांना आम्ही पाळक लोक बहुधा घाई करितों. मला ती घाई बरी वाटत नाहीं.

कंपनी सरकार मिशनऱ्यांस आपल्या मुलखांत राहूं देत नसे. जवळचा पैसा थोड्याच दिवसांत संपला. राहावयास घर नाहीं, मुलें तापानें व हगवणीनें आजारी, अशा स्थितींत हें कुटुंब सुंदरबनाच्या दलदलींत गेलें. तेथून केरी यांस मदनाबाटी येथें निळीच्या कारखान्यावर देखरेखीची नोकरी मिळाली. त्या ठिकाणीं १७९४ सालीं त्यांचा पीटर नांवाचा पांच वर्षांचा मुलगा वारला. जातीच्या भयामुळें थडगें खणण्यास व पेटी वाहण्यास माणसें मिळतां मिळेनात. त्यांच्या पत्नी डॉरथीबाई या परदेशीं येण्यास मुळांत राजी नव्हत्या; बहीण सोबत येते म्हणून कशाबशा आल्या होत्या. पीटर गेल्यावर त्यांचें मन बिघडलें. तें पुन्हां सावरलें नाहीं. १८०७ च्या डिसेंबरांत त्यांचें देहावसान होईपर्यंत बारा तेरा वर्षें त्या त्याच अवस्थेंत होत्या. पलीकडच्या खोलींत त्यांचा आक्रोश चालला असतां अलीकडे केरी भाषांतर करीत बसलेले असत. ही गोष्ट कित्येक जण केरी यांच्या थोरवीची म्हणून सांगतात. मला ती ऐकतांना त्या बाईची दया येते, आणि केरी यांचीही येते. लिहिणें न वाचणें येणाऱ्या त्या गरीब स्त्रीनें जें सोसलें, त्याचा हिशेब कोणी मांडिला नाहीं. तिला वेड्यांच्या इस्पितळांत ठेवा, असें त्यांस सुचविण्यांत आलें असतां केरी यांनीं मानलें नाहीं. शेवटपर्यंत घरींच सांभाळिलें, एवढें तरी त्यांच्या बाजूनें सांगितलें पाहिजे.

इतकें सर्व होत असतां कामाचें फळ काय दिसत होतें? कांहीं नाहीं. केरी बंगाली शिकले, खेडोपाडीं हिंडले, बाजारांत उभे राहून बोलले, नव्या कराराचें बंगाली भाषांतर जवळ जवळ पुरें केलें. पण सहा वर्षें संपून सातवें सरत आलें तरी बंगालांतील एकाही मनुष्यानें त्यांच्या हातून बाप्तिस्मा घेतला नव्हता. विलायतेंतील मित्रांस काय लिहावें, हा त्यांस प्रश्न पडे. तरी ते लिहीत, आणि खरें तेंच लिहीत.

१८०० सालच्या जानेवारींत ते श्रीरामपुरास आले. आपल्याकडील त्या नांवाचें गांव तें हें नव्हे; हें कलकत्त्याच्या वर हुगळी नदीच्या कांठीं असून त्या वेळीं डेन्मार्कच्या राजाच्या अंमलाखालीं होतें, म्हणून मिशनऱ्यांस तेथें आसरा मिळाला. मार्शमन हे शिक्षक व वॉर्ड हे छापखान्याचें काम जाणणारे, असे दोन सोबती त्यांस लाभले. तिन्ही कुटुंबें एकत्र राहात, एका ताटांतलें जेवीत, आणि जो जें मिळवी तें सामाईक पेटींत टाकी.

त्याच वर्षाच्या अखेरीस कृष्ण पाल नांवाचा एक सुतार घसरून पडला व त्याचा खांदा निखळला. मिशनांतील डॉक्टर टॉमस यांनीं तो बसविला व त्यास प्रभूविषयीं सांगितलें. कृष्ण पालाचें मन वळलें. २२ डिसेंबरला त्यानें मिशनऱ्यांच्या पंक्तीस बसून अन्न घेतलें. म्हणजे जात सोडिली. लोक खवळले, त्यास ओढीत न्यायाधीशापुढें घेऊन गेले. न्यायाधीशानें त्यास सोडून दिलें. २८ डिसेंबर १८०० रोजीं हुगळीच्या पाण्यांत केरी यांनीं आपला थोरला मुलगा फेलिक्स व कृष्ण पाल या दोघांस बाप्तिस्मा दिला. परंतु त्या दिवशीं देखील आनंद निर्भेळ नव्हता. ज्या टॉमस यांनीं सतरा वर्षें या क्षणाची वाट पाहिली, त्यांस हर्षाचा झटका सहन न होऊन भ्रम झाला होता, व त्यांस कोंडून ठेवावें लागलें होतें. दुसऱ्या खोलींत डॉरथीबाई होत्याच. नदीवर गीत चाललें असतां घरांतून या दोघांचे आवाज येत होते. कृष्ण पालानें मात्र पुढें वीस वर्षांहून अधिक काळ उपदेशकाचें काम केलें, आणि १८२२ सालीं पटकीनें त्याचा अंत झाला.

बंगाली नवा करार १८०१ सालीं छापून निघाला. त्याच वर्षीं कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत केरी यांस शिक्षकाची जागा मिळाली. बंगाली व संस्कृत यांबरोबर ते मराठीही शिकवीत, आणि येथें आपला त्यांच्याशीं नातेसंबंध लागतो. पंडित वैजनाथशास्त्री यांच्या साह्यानें त्यांनीं १८०५ सालीं मराठीचें व्याकरण व १८१० सालीं मराठीचा कोश छापिला. कोशांतील मराठी शब्द मोडी अक्षरांत होते. १८११ सालीं मराठी नवा करार निघाला. महाराष्ट्राच्या भूमीवर त्यांचें पाऊल कधीं पडलें नव्हतें, आणि तें त्या भाषांतरांत दिसून येतें. मुंबईस आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांस तें लोकांस समजेनासें वाटलें, म्हणून त्यांनीं आपलें निराळें भाषांतर केलें व १८२६ सालीं नवा करार छापिला. आज केरी यांचा मराठी करार कोणत्याही मंडळींत वाचीत नाहींत. वर्षानुवर्षें घाम गाळून केलेलें काम दुसऱ्यांनीं बाजूस ठेवावें, याचें दुःख ज्यांस ठाऊक आहे त्यांसच ठाऊक. केरी यांस आपल्या भाषांतरांचे दोष दिसत असत. बंगाली करार तर त्यांनीं पुनः पुनः तपासून मरेपर्यंत सुधारिला.

मोठी परीक्षा ११ मार्च १८१२ रोजीं आली. केरी त्या दिवशीं कलकत्त्यास होते. संध्याकाळीं श्रीरामपूरच्या छापखान्यास आग लागली. वॉर्ड यांनीं दारें खिडक्या बंद करून ती आंतल्या आंत कोंडण्याचा यत्न केला; पण कोणी तरी खिडकी उघडली, वारा लागला आणि सर्व भडकलें. विलायतेहून आलेल्या कागदाचा मोठा सांठा, कित्येक भाषांचे खिळे, आणि केरी यांनीं हातानें लिहिलेले कागद जळाले. त्यांत अनेक भाषांच्या एका मोठ्या कोशाची सामुग्री होती. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मार्शमन यांनीं ही बातमी कलकत्त्यास नेली, तेव्हां केरी यांस कांहीं वेळ बोलवेना. नुकसानीचा अंदाज १०,००० पौंडांच्या घरांत होता.

राखेंत हात घातल्यावर दिसून आलें कीं, खिळे ओतण्याचे ठसे व सांचे शाबूत आहेत, आणि दाबयंत्रेंही वांचलीं आहेत. वितळलेलें शिसें गोळा करून कारागिरांनीं रात्रंदिवस नवे खिळे ओतले, आणि थोड्याच आठवड्यांत छपाई पुन्हां सुरू झाली. विलायतेंत ही बातमी पोंचतांच दोन महिन्यांत सर्व रक्कम भरून आली. पण जळालेले हस्तलिखित कागद पैशानें येत नाहींत. ते केरी यांनीं पुन्हां पहिल्या ओळीपासून लिहावयास घेतले. एकदां चाललेली वाट दुसऱ्यानें चालणें सोपें जातें व पाऊल अधिक नीट पडतें, असें त्यांनीं मित्रांस कळविलें. बहुभाषी कोश मात्र पुन्हां झाला नाहीं.

म्हातारपणीं त्यांनीं आपल्या पुतण्यास सांगून ठेविलें होतें कीं, माझें चरित्र कोणी लिहिलें आणि मला नुसता रेटून काम करणारा म्हटलें, तर तो बरोबर बोलला. त्याहून जास्त कांहीं म्हटलें तर तें अधिक होईल. एक काम हातीं घेतलें म्हणजे तें धरून ठेवणें, एवढेंच आपल्यास येतें, असें ते म्हणत.

अखेरचीं वर्षें सुखाचीं गेलीं असें नाहीं. १८२२ सालीं फेलिक्स वारला, १८२३ सालीं वॉर्ड पटकीनें गेले. त्याच साली केरी पडून त्यांचा पाय जबर दुखावला, आणि महापुरानें त्यांचा जिवापाड जपलेला बाग धुऊन नेला. तो त्यांनीं पुन्हां लाविला. विलायतेंतील सोसायटीच्या नव्या मंडळींशीं श्रीरामपूरच्या मालमत्तेवरून वाद पेटला. ज्या सोसायटीचें बीज त्यांनीं पेरलें, तिच्यापासून श्रीरामपूरकर १८२७ सालीं विभक्त झाले. पुढें कलकत्त्याच्या मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या, व त्यांत मिशनाचा पैसा गेला. परंतु १८२९ सालच्या डिसेंबरांत सती जाण्याच्या चालीस बंदी करणारा हुकूम बंगालींत उतरविण्यासाठीं त्यांच्याकडे आला. तो दिवस रविवार होता. एक दिवस उशीर झाला तर किती विधवा जळतील, हा विचार करून त्यांनीं उपदेश दुसऱ्याकडे सोंपविला, पंडितास बोलाविलें, आणि सूर्यास्ताच्या आंत भाषांतर पुरें केलें.

अंगांत शक्ति उरली नाहीं तेव्हां ते खुर्चींत बसून बागेंत नेले जात. मी गेल्यावर मार्शमन माझ्या बागेंत गाई सोडतील, अशी काळजी त्यांस वाटे. मार्शमन यांनीं तसें होऊं देणार नाहीं असें वचन दिलें, तेव्हां त्यांस बरें वाटलें. ९ जून १८३४ रोजीं पहाटे श्रीरामपुरास त्यांनीं देह ठेविला. हिंदुस्थानांत येऊन ४० वर्षें उलटलीं होतीं. या अवधींत ते एकदांही मायदेशीं परत गेले नाहींत. त्यांच्या सांगण्यावरून दगडावर नांव, जन्ममरणाच्या तारखा, आणि आपण एक दीन अपराधी होतों असें कबूल करणाऱ्या जुन्या गीताच्या दोन ओळी, इतकेंच कोरलें आहे.